खिळे जुळवणारी मुलं

मंगळवार, रात्री

आमच्या विशेष शाळेची कार्यशाळा म्हणजे एक लांब टेबल, खळीचं भांडं आणि पाकिटं चिकटवणारी बारा मुलं. आज तेरावा आला. त्याच्या फाइलवर 'ट्यूबरस स्क्लेरोसिस' लिहिलेलं, म्हणजे मेंदूत गाठी होणारं जन्मजात दुखणं. या दुखण्याला पूर्वी बूर्नव्हिलचा आजार म्हणत. कोण हा बाबा, म्हणून वाचायला बसले आणि कुकर लावायचा राहिला.

देझिरे-माग्लुआर बूर्नव्हिल. जन्म १८४०, फ्रान्स. शिकत असताना १८६६ च्या कॉलऱ्यात आपण होऊन आमियाँ शहरात सेवेला गेला. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झटके येणारी एक मुलगी वारली, तिच्या मेंदूत त्याला टणक गाठी दिसल्या; ते त्याने १८८० मध्ये लिहिलं. मधल्या काळात, १८७६ मध्ये, तो पॅरिसच्या नगरपालिकेत निवडून आलेला. पुढे १८८३ ते १८८९ खासदार. रुग्णालयांतून नन्सना काढा, शिकलेल्या परिचारिका आणा, हा त्याचा ध्यास. त्यासाठी १८७८ पासून शाळाही काढल्या. शाळांचं पटलं. पण वर्षानुवर्षं रुग्णांची उस्तवार केलेल्या त्या बायकांबद्दल तो फारच कडवट बोलतो असं वाटलं.

मी अडकले ती पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयापाशी. १८७९ पासून १९०५ पर्यंत तिथल्या मतिमंद आणि झटके येणाऱ्या मुलांचा विभाग त्याच्याकडे होता. ज्यांना नुसतं कोंडून ठेवायची रीत, त्या मुलांना त्याने धडे दिले, सुतारकाम, शिवणकाम शिकवलं. आणि छापखाना! विभागाचे वार्षिक अहवाल तिथली मुलंच छापत.

आमचे आजोबा छापखान्यात जुळारी होते. खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, डब्यातून उचलायचे, अक्षर उलटं वाचायचं, ओळ घट्ट बसवायची. नखांतली शाई काही केल्या जायची नाही. म्हणून मला त्या मुलांची बोटं दिसतात. अहवालांच्या नावातच अपस्मार, हिस्टेरिया आणि 'इडिओसी' (मतिमंदत्वाला तेव्हाचं नाव) हे शब्द. म्हणजे डॉक्टरांनी आपल्यावर मारलेला शिक्का मुलं एकेक खिळा लावून जुळवत होती.

अशा मुलांसाठी खास वर्ग काढायचा कायदा फ्रान्समध्ये १९०९ च्या एप्रिलमध्ये झाला. बूर्नव्हिल मे महिन्यात गेला.

आजोबा म्हणायचे, मुरलेला जुळारी मजकूर वाचत नाही, नुसती अक्षरं बघतो. बिसेत्रच्या पोरांच्या बाबतीत ते खरं असू दे.