पाऊणराव आणि अर्धवटराव

स्मरणिकेच्या संपादकांनी आधीच बजावलं होतं, "डबा, छडी आणि मधल्या सुट्टीवर लिहू नका, ढीग आलाय." म्हणून मी अशा माणसाबद्दल लिहितोय, ज्यांचा आपल्या शाळेशी काडीचाही संबंध नव्हता, तरीही आमचा अख्खा वर्ग त्यांच्या नादी लागला होता. ते म्हणजे ओठ न हलवता बाहुल्यांना बोलतं करणारे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. गिरगावातल्या आमच्या चाळीत बराच काळ एकच टीव्ही होता, लाकडी खोक्यातला, सरकत्या दारांचा, वर क्रोशाचा रुमाल. मुलांनी खाली बसायचं, मोठ्यांनी दारात उभं राहायचं. मुलांचा 'किलबिल' कार्यक्रम बघायचोच, पण गुजराती 'संताकुकडी'सुद्धा सोडायचो नाही. बोलक्या बाहुल्या लागणार असं कळलं, की मात्र वरच्या मजल्यावरचे आजोबाही काठी टेकत खाली यायचे.

पाध्ये अगदी अदबीने प्रश्न विचारायचे आणि त्यांच्या मांडीवरचा बाहुला अर्धवटराव त्यांचाच पाणउतारा करायचा. मोठ्या माणसाला तोंडावर उलट बोलणारा आणि मार न खाणारा असा आम्हाला माहीत असलेला तो एकटाच. बायको आवडाबाई आली की त्याची पंचाईत. हे दोन्ही आवाज, आणि तिसरा पाध्यांचा स्वतःचा, एकाच गळ्यातून निघतात हे डोक्याला कळत होतं, पण डोळ्यांना पटत नव्हतं.

आमच्यात पैज लागायची. पडद्याला नाक लावून फक्त पाध्यांच्या ओठांकडे बघायचं, हलले की ओरडायचं. नाट्यगृहात दहाव्या रांगेतल्या माणसाला ओठ काय दिसणार? टीव्हीचा कॅमेरा मात्र थेट हनुवटीपाशी येऊन बसतो. शब्दभ्रमकाराची याहून कडक परीक्षा नाही. आणि गंमत अशी, की ठरवून बसलं तरी दोन वाक्यांत आपण बाहुल्याकडेच बघायला लागतो. आवाज कुठून आला हे कानाला नीटसं ठरवता येत नाही, ते डोळा ठरवतो. जे तोंड हलतंय, आवाज त्याचा. सगळी कला या एका फटीत उभी आहे.

अर्धवटराव रामदासरावांचा नव्हे, त्यांच्या वडिलांचा. यशवंत केशव पाध्ये हे आपल्याकडच्या शब्दभ्रम कलेचे आद्य कलाकार आणि अर्धवटरावाचा जन्म १९१६ च्या सुमाराचा. म्हणजे बाहुला मुलापेक्षा वयाने चांगलाच मोठा. वडिलांकडून कला घेतलेल्या रामदासरावांनी शिक्षण मात्र मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं घेतलं आणि १ मे १९६७ ला आपला पहिला स्वतंत्र प्रयोग केला. मी पुढे आयुष्यभर कारखान्याच्या टूलरूममध्ये डाय आणि जिग, म्हणजे सुटे भाग घडवायचे साचे आणि पकडी, करत राहिलो, त्यामुळे या इंजिनिअरिंगचं मला फार अप्रूप. लोकांना आवाज दिसतो. मला पोकळ पाठीतला दांडा, त्यावरची कळ, जबड्याची बिजागरी आणि डोळ्यांच्या दोऱ्या दिसतात. एका हाताच्या पाच बोटांत मान, तोंड आणि नजर सांभाळायची, आणि तोंडाने दोन माणसांचं भांडण चालवायचं!

आता शाळा. आठवीत हस्तव्यवसायाच्या सरांनी बाहुली करायला सांगितली, तेव्हा माझ्या बाकावरच्या मित्राने बोलका बाहुला करायचं जाहीर केलं. त्याच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणजे माल घरचाच. वर्तमानपत्रं भिजवून, कुटून लगदा केला. त्यात खळ आणि कीड लागू नये म्हणून मेथीची पूड. शाडूच्या गोळ्यावर थर चढवून डोकं वाळवलं, हनुवटी करवतीने वेगळी काढली आणि जबडा मिटायला रबर, उघडायला सायकलच्या ब्रेकची वायर. वर्गात आठवडाभर मेथीचा वास होता. अर्धवटरावापेक्षा आपला बाहुला थोडा तरी शहाणा हवा, म्हणून त्याचं नाव पाऊणराव.

तालमीला पहिल्याच वाक्याला गाडी अडली. "माझं नाव पाऊणराव." म आणि प, दोन्ही ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत! प, फ, ब, भ, म हे शब्दभ्रमकाराचे वैरी. कसलेले कलाकार जिभेने तिथे जवळचा दुसरा ध्वनी असा सरकवतात, की ऐकणाऱ्याचा मेंदू आपणहून दुरुस्ती करून घेतो. अर्धवटराव उच्चारून बघा, यातला एकही वैरी त्यात नाही. आमच्याकडे ती जीभ नव्हती, पण मराठीच्या बाई होत्या. त्यांनी संवाद बदलून दिला. मित्र विचारणार, "तुझं नाव काय?" आणि बाहुला म्हणणार, "तूच सांग, सगळं तुला ठाऊक आहे ना!" स्नेहसंमेलनात सर्वांत मोठा हशा याच वाक्याला आला. त्याखालोखाल, पाऊणरावाने हेडसरांना सहामाहीचे गुण विचारले तेव्हा.

पुढे पाध्ये आमच्या आयुष्यात वेगवेगळ्या वेषांत येतच राहिले. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो दात काढून हसणारा ससा त्यांचा. १९५९ साली ज्या गिरगावात गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला सुरुवात केली, त्याच गिरगावातली आम्ही पोरं 'कुर्रम कुर्रम' करत फिरलो, पण सशामागचा हात कोणाचा हे बहुतेकांना माहीतही नव्हतं. १९९३ च्या 'झपाटलेला' सिनेमातला खुनी बाहुला तात्या विंचूही त्यांच्याच हातचा. सिनेमात आवाज नंतर भरता येतो, तिथे ओठ न हलवण्याची मातब्बरी नाही. तिथे कस लागतो तो बाहुला घडवण्याचा आणि हलवण्याचा. ज्या हातांनी आम्हाला हसवलं, त्याच हातांनी माझ्या मुलीला महिनाभर एकटीने न्हाणीघरात जाऊ दिलं नाही.

माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथे आहे. अर्धवटराव, ससा, तात्या विंचू यांना रस्त्यावरचं शेंबडं पोरही ओळखतं. मागच्या माणसाने मात्र सगळे टोमणे स्वतःवर घेतले आणि टाळ्या बाहुल्याला दिल्या. नट मंडळींत हे सोपं नसतं. पत्नी अपर्णा पाध्येही त्यांच्या जोडीने रंगमंचावर उभ्या राहिल्या, आणि आता सत्यजित आणि परीक्षित ही मुलं तो वारसा चालवतात. शंभरी ओलांडलेला अर्धवटराव तिसऱ्या पिढीचाही पाणउतारा करतोच आहे.

हा लेख लिहिण्याआधी मित्राला फोन केला. त्याची एकच अट होती: त्या दिवशी त्याचे ओठ अजिबात हलले नव्हते, असं छापून यायला हवं. छापतो बापडा. पण साक्ष देऊ शकत नाही. ब्रेकची वायर त्याच्या अंगठ्याला फार घट्ट जात होती, म्हणून ती ओढायला मी पूर्ण प्रयोगभर टेबलाखाली बसलो होतो.