गादी, नस आणि लेझर

‘टाके नाहीत, पूर्ण भूल नाही, त्याच दिवशी घरी’ असे सांगणारी मणक्याच्या लेझर उपचारांची जाहिरात पाहून माझ्या थोरल्या भावाने आगाऊ पैसे भरायची तयारी केली होती. त्या निमित्ताने जे वाचले आणि डॉक्टरांना विचारून घेतले, ते इथे लिहीत आहे.

दोन मणक्यांमधल्या गादीत मऊ, पाणीदार गर असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंचे कडे असते. हे कडे कमकुवत होऊन गर बाहेरच्या बाजूला फुगला, की शेजारची नस दबते आणि कळ कंबरेतून पायात, मानेचा मणका असेल तर हातात उतरते. लेझरच्या पद्धतीत जागेपुरती भूल देऊन, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, गादीत एक सुई नेतात; तिच्यातून अर्ध्या मिलिमीटरहून बारीक काचतंतू आत सरकवतात आणि गराच्या थोड्या भागाची वाफ करतात. गादी बंदिस्त असल्यामुळे एवढ्यानेही आतला दाब बराच उतरतो. डॅनियल चॉय आणि पीटर आशर यांनी १९८६ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे हा उपचार रुग्णावर प्रथम केला.

मात्र कडे फाटून गराचा तुकडा सुटला असेल, किंवा हाड वाढून नसांची वाटच अरुंद झाली असेल, तर आतला दाब कमी करून काय साधणार? भावाच्या एमआरआयची फिल्म उजेडावर धरून सर्जनांनी चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीतून सुटून खाली उतरलेला तुकडा आम्हाला दाखवला. असा तुकडा शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते, हेही त्यांनीच सांगितले. नेदरलँड्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षअखेरीस लेझर आणि नेहमीची शस्त्रक्रिया या दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती, पण लेझर गटातील ३८ टक्के रुग्णांवर वर्षभरात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. दुसऱ्या गटात हे प्रमाण १६ टक्के होते. लेझर वाईट नाही, पण गादीची अवस्था न पाहता तो विकला जातो, याचा मला मनापासून राग येतो.

लघवी अडकणे, बैठकीची जागा बधिर होणे, पाऊल लुळे पडत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. भावाला यातले काही नव्हते. औषधे आणि फिजिओथेरपीने त्याच्या पायातली कळ ओसरली. अंगठ्याजवळचा बधिरपणा अजून थोडा आहे.