पाठराखीण पेटते तेव्हा

शनिवार, रात्रीचे पावणेदोन

'बफी द व्हॅम्पायर स्लेअर'चा सहावा सीझन आत्ता संपला. दिवा मालवून पडले होते, पुन्हा उठून वही घेतली.

१४४ भागांची ही अमेरिकी मालिका बफीच्या नावाची. बफी म्हणजे स्लेअर, रक्तपिशाच्चांना मारायला निवडली गेलेली मुलगी, आणि ती मला मनापासून आवडते. पण आज डोळ्यांपुढून हलत नाहीये ती विलो.

विलो म्हणजे बफीची पाठराखीण. नव्या नवरीबरोबर सासरी जाते ना, तशी. सगळ्यांच्या नजरा नवरीवर, आणि नवरीला काय हवं-नको ते ठाऊक फक्त हिला. १९९७ च्या पहिल्याच भागात ती शाळेतल्या पाण्याच्या नळाशी उभी असते आणि शाळेतली तोरेबाज कॉर्डेलिया तिच्या कपड्यांवरून टोमणा मारते. विलो बापडी सांगते, आईने निवडलेत. तिथून पुढे संगणकावर माहिती शोध, जुन्या पोथ्या चाळ, मंत्र शीक, हे सगळं ती दुसऱ्यांसाठी करत राहते. बफी मरते तेव्हा तिला परत आणतेही विलोच.

इथेच माझ्या मते खरी ठिणगी आहे. बफीला वर आणलं तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर कळतं की बफी स्वर्गात होती, सुखात होती, आणि मैत्रिणीने तिला तिथून ओढून काढलं. प्रेयसी टाराशी भांडण झालं की टाराच्या आठवणीतून ते भांडणच पुसून टाकणं, हेही विलोच करते. म्हणजे शेवटच्या तीन भागांत विलो खलनायिका होते, ती खलनायिका बाहेरून येत नाही. ती मदतीच्या हातातच वाढत होती आणि आपण तिचं कौतुक करत होतो. मधले काही भाग जादूला व्यसन ठरवतात, ते मला पटले नाहीत. त्याने सगळा दोष जादूच्या पदरात पडतो आणि विलो सुटते. मला ती सुटायला नको आहे. तिचा राग तिचाच असू दे.

मे २००२. बफीचा शत्रू वॉरन तिच्यावर गोळ्या झाडतो आणि एक भरकटलेली गोळी वरच्या खिडकीतून टाराला लागते. विलोच्या पांढऱ्या शर्टावर रक्ताचे शिंतोडे. टाराच्या या मृत्यूवर त्या वेळी प्रेक्षक फार चिडले होते. दोन स्त्रियांचं इतकं हळुवार प्रेम पडद्यावर क्वचितच यायचं, आणि त्यातलीच एक अशी मारली. तो राग मला आजही रास्त वाटतो. तरी त्यानंतर विलो साकारणाऱ्या ॲलिसन हॅनिगनने जे केलंय त्यावरून नजर हटत नाही. जादूच्या दुकानात ती पुस्तकांत हात घालते आणि अक्षरं तिच्या दंडांवरून चढत चेहऱ्यापर्यंत जातात, केस काळे होतात. एवढं होऊनही आधी जाते कुठे, तर बफीच्या छातीतली गोळी काढायला! सूड त्यानंतर.

आणि मग ती बफीला तोंडावर सुनावते की साथीला बसण्यात सहा वर्षं गेली, आता स्लेअर मी.

हे ऐकताना माझ्या पोटात खड्डा पडला. कॉलेजात मी माझ्याबरोबर आणखी तिघींच्या जर्नलमधल्या आकृत्या काढायचे. त्या खरंच माझ्या मैत्रिणी होत्या, आजही आहेत. पण परीक्षेच्या आदल्या रात्री पेन्सिलीला टोक करताना छातीत जे साचायचं, त्याला मी कधी नाव दिलं नव्हतं. बफीचा राग दर आठवड्याला बाहेर पडतो, तिचं कामच ते. विलोच्या रागाला सहा वर्षांत जागाच कुणी दिली नाही. म्हणून तो बाहेर येतो तेव्हा नायिका फिकी पडते. त्यात या सीझनची बफी स्वतःच विझत आलेली, जगायचंच नको असलेली, बर्गरच्या दुकानात राबणारी.

शेवटच्या लढाईत तर बफी तिथे नाहीच. ती बहिणीबरोबर कबरस्तानातल्या खड्ड्यात अडकलीय. जग बुडवायला निघालेल्या विलोपुढे उभा राहतो तिचा बालमित्र झँडर, हातात काही नसलेला सुतार. बालवाडीत तिने पिवळा खडू मोडला आणि सांगायला घाबरून रडली, ती आठवण तो काढतो. मारायचं तर आधी मला मार, म्हणतो, आणि मार खात खात तेच सांगत राहतो. तिची लहानपणापासूनची आठवण असलेला एकच माणूस.

सातव्या सीझनचे भाग मी आधी तुकड्या-तुकड्यांनी पाहिलेत. त्यात विलो इंग्लंडहून परतते, विमानतळावर उतरते आणि न्यायला आलेले मित्र तिला दिसत नाहीत. त्यांनाही ती दिसत नाही. आपण त्यांना नकोशा झालोय या भीतीने तिच्याच जादूने, तिच्या नकळत, हे केलेलं असतं. सगळे एकाच घरात वावरतात आणि ती रिकाम्या खोल्यांतून त्यांना हाका मारत फिरते.

तो भाग उद्या सलग बघायचा आहे.