कोकण असताना अंदमान कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नांदेडात कुठं लग्नाला गेले, बँकेत उभी राहिले, की एखादा जुना विद्यार्थी किंवा त्याची आई भेटते आणि विचारते, “मॅडम, समुद्रच बघायचा तर कोकण आहे, गोवा आहे. अंदमानला एवढा पैसा घालून कशाला जायचं?” मी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळं माझं उत्तरही भूगोलातूनच येतं.

तळ दिसणारं पाणी बघायला जायचं. कोकण मला फार आवडतं, पण तिथं गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी स्वतःचे पाय दिसत नाहीत. सावित्री, वाशिष्ठी अशा सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या डोंगराची माती समुद्रात आणून टाकतात. मालवणजवळ थोडं प्रवाळ आहे, तेवढाच अपवाद. आपली गोदावरी तर आणखी मोठं काम करते. पैठणहून नांदेडच्या घाटापर्यंत आणि पुढं तेलंगण, आंध्रातून ती आपली काळी माती बंगालच्या उपसागरात नेते. अंदमान त्याच उपसागराच्या पूर्व कडेला आहे, चेन्नईपासून तेराशेहून अधिक किलोमीटरवर. मुख्य भूमीवरच्या नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही, आणि या बेटांना स्वतःची मोठी नदीही नाही. उत्तरेला दिगलीपूरकडं कल्पोंग आहे, बाकी सगळे छोटे ओढे. प्रवाळाला नेमकं हेच लागतं: उथळ, कोमट, स्वच्छ पाणी आणि तळापर्यंत पोचणारं ऊन. प्रवाळ म्हणजे बारीक जीव, त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याला ऊन मिळालं तरच दोघंही जगतात. पाणी गढूळ झालं की संपलं.

आता पांढऱ्या वाळूबद्दल. आपल्या काळ्या बेसॉल्टच्या मुलखातून गेलेल्या माणसाला ती आधी खरीच वाटत नाही. ती प्रवाळाच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची असते, आणि अशा वाळूत पोपटमाशाचाही वाटा असतो. तो चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतो आणि उरलेला चुरा विष्ठेतून बाहेर टाकतो. हे मी वर्गात कितीदा सांगितलं होतं. पाण्यात तोंड घातलं आणि त्याचं कुरतडणं कानांनी ऐकलं, तेव्हा मला रडू आलं.

बेटं आठशेहून अधिक, वस्ती जेमतेम तीसेकांवर. निकोबारकडं सर्वसाधारण पर्यटकाला सहज जाता येत नाही, त्यामुळं तुमची सहल अंदमानातच. पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप. नावं बदललीत, पण जेट्टीवरची माणसं अजून जुनीच घेतात, म्हणून दोन्ही माहीत असू द्या. सेल्युलर जेलला निवांत अर्धा दिवस द्या. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीच्या सात भुजांपैकी तीनच उरल्यात. सावरकरांची कोठडी बघायला मराठी माणसं रांग लावतात, ते बरोबरच आहे. पण तिथल्या भिंतीवरची बंगाल, पंजाबातल्या कैद्यांची नावंही वाचा. त्यासाठी घाई नको.

बाकीचा वेळ माझ्या मते नीलला द्यावा. टूरवाले तिथं अर्धा दिवस ठेवतात, याचं मला वाईट वाटतं. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना वसवलेलं हे बेट. त्यांनी जंगल काढून शेती केली, आणि आज अंदमानातला भाजीपाला मोठ्या प्रमाणात तिथं पिकतो. किनाऱ्यांना नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. पोहता न येणाऱ्यांनाही तिथं प्रवाळाचं जग बघता येतं, कारण ओहोटीला लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक पुलाजवळ खडक उघडे पडतात. खळग्याखळग्यांत पाणी साठलेलं असतं आणि त्यात निळे मासे, समुद्रकाकड्या, काटेरी अर्चिन. गावातला वाटाड्या बरोबर घ्या, तो कुठं पाय ठेवायचा ते सांगतो. जिवंत प्रवाळावर पाय द्यायचा नाही. हात लावायचा नाही, उचलायचं तर मुळीच नाही. वन्यजीव कायद्यानं त्याला वाघाएवढंच संरक्षण आहे.

पण ओहोटी नसेल तर तिथं काहीच दिसत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, तिकीट काढायच्या आधी भिंतीवरची दिनदर्शिका बघा. पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा ओहोटीही सगळ्यात खोल जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी फार हटत नाही. रोजची वेळ साधारण पाऊण-एक तासानं पुढं सरकते. अमावस्या धरली तर आणखी एक लाभ: हॅवलॉकला काळोख्या रात्री पाण्यात हात फिरवला की सूक्ष्म जीव निळसर उजळतात. आपल्याकडं बायका तिथी तोंडपाठ सांगतात. भरतीचं वेळापत्रक त्यांना कोणी समजावायची गरज नाही, हे मी अनुभवानं म्हणते.

सूर्याचं गणितही वेगळं. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की नांदेडपेक्षा सूर्य तासभर आधी मावळतो. हिवाळ्यात पाच-सव्वापाचला खेळ आटोपतो. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर चारला पोचणारी मंडळी हळहळत परततात. दुपारचं जेवण उरकून तीनच्या आत तिथं असा. मगरींची पाटी दिसली तर पाण्यात उतरू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथं खरोखर आहेत.

नीलला आम्ही एका बंगाली कुटुंबाकडं उतरलो होतो. माझ्या जाऊबाई कंधारकडच्या, दुष्काळ अंगावर काढलेल्या. खोलीत सामान टाकताच त्यांनी मालकीणबाईंना पहिला प्रश्न विचारला, “प्यायचं पाणी कुठून येतं?” त्या बाईंनी मागची विहीर दाखवली आणि म्हणाल्या, फेब्रुवारीनंतर ती तळाला जाते. जाऊबाई माझ्याकडं बघत राहिल्या. आपल्या मराठवाड्यात वर्षाला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस, तिथं ३००० च्या आसपास. तरी चणचण? उत्तर त्या स्वच्छ पाण्यातच आहे. मोठी नदी नाही, उतार तीव्र, ओढे आखूड. पडलेला पाऊस बघता बघता समुद्राला मिळतो. राजधानीच्या शहराची तहानही मुख्यतः धानीखाडीच्या एका धरणावर. ज्या कारणानं समुद्राचा तळ दिसतो, त्याच कारणानं विहिरीचाही दिसतो. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं आपण पाहिलंय. तेव्हा हॉटेलात दिवसातून दोनदा शॉवर आणि रोज चादरी धुवायला टाकणं, हे निदान आपण तरी करू नये. जाऊबाईंनी आम्हा सगळ्यांना तिथं बादलीवर आणलं, आणि कोणी कुरकुरलं नाही.

पोर्ट ब्लेअरहून वंडूरच्या किनाऱ्याला जाताना सिप्पीघाट लागतं, तिथं गाडी थांबवा. २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली, त्सुनामीचं पाणी भाताच्या शेतांत शिरलं आणि तिथंच राहिलं. ती शेतं अजूनही खाऱ्या पाण्याखाली आहेत. वंडूरहून जॉली बॉय बेटाची बोट सुटते. तिथं प्लास्टिकची बाटली नेता येत नाही, हा नियम मला सगळ्या देशात हवासा वाटतो. प्रवाळ सगळीकडं जिवंत दिसेल, असं मात्र समजू नका. २०१० मध्ये समुद्र तापला तेव्हा बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलं.

बाराटांग बेटावर मी गेले नाही आणि जा असंही सांगणार नाही. चुनखडीच्या गुहा बघायला जाणारा तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्यानं नेतात, थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे, तरी लोक काचेला डोळे लावून माणसं शोधत असतात. ते माझ्यानं होणार नाही.

जाण्याचा मार्ग: नांदेडहून हैदराबाद, तिथून चेन्नईमार्गे विमान. जानेवारी ते मार्च समुद्र शांत, पाणी सर्वात स्वच्छ. बेटांमधल्या जहाजांची तिकिटं विमानाबरोबरच काढून ठेवा. गुडघे दुखणारी आई-आजी बरोबर असेल तर जहाजात चढताना दोघांनी हात धरावा, एवढंच. त्यांना घरी ठेवून जाऊ नका. बेटं कमी करा, एका ठिकाणी दोन रात्री जास्त राहा, त्यात खर्चही वाचतो.