जुन्या 1613 ला जीपीएस अँटेना, पण नजरेत न येणारी

मागच्या नोंदीत वायरिंगचा कुजलेला जुडगा बदलून झाला होता. त्यानंतरचे तीन रविवार काडेपेटीएवढ्या एका काळ्या डबीमागे, म्हणजे जीपीएसच्या अँटेनामागे गेले. सविस्तर लिहितोय, कारण बांधलेल्या केबिनच्या जुन्या गाडीत हे काम कुठे अडतं आणि कुठे सुटतं ते आता हाताला कळलंय.

गाडी तीच, टाटा 1613 ट्रक, 1996 चा. कंपनीकडून नुसती चॅसिस आली, केबिन धुळ्यात बांधली. सागवानी खांब, वर पत्रा, आतून प्लायवूड आणि त्यावर मरून रेक्झिन, पितळी डोक्याच्या चुकांनी ठोकलेलं. आप्पांनी हिच्यावर बावीस वर्षं काढली. जाताना कापसाच्या गाठी सुरतेला, येताना मिळेल तो माल. आता गाडी धंद्यात नाही, पण केबिन होती तशीच ठेवायची हे आमचं ठरलेलं आहे. नवीन भोक पाडायचं नाही. आणि आप्पांचा शब्द: "काचले काही चिकाडू नको."

स्क्रीनचं आधीच जमलं होतं. टेपच्या जुन्या खणात अँड्रॉइड स्टिरिओ बसवला, पुढे टेपचंच लाकडी झाकण. रस्ता तो बोलून सांगतो, त्यामुळे झाकण बंद असलं तरी चालतं. राहिली अँटेना, सोबत आलेली, तीन मीटर वायरची.

डबीच्या आत चिनी मातीची 25 मिलिमीटरची चौकोनी चकती असते आणि तिच्याखाली छोटा ॲम्प्लिफायर. त्याला वीज त्याच वायरीतून जाते. जोडण्याआधी स्टिरिओच्या सॉकेटवर मल्टीमीटर लावून बघा, माझ्याकडे 4.8 व्होल्ट आले. इथे शून्य असेल तर अँटेना कुठेही ठेवा, उपयोग नाही.

उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, आणि जीपीएसचा नेहमीचा सिग्नल 1575.42 मेगाहर्ट्झचा, म्हणजे लहरीची लांबी साधारण 19 सेंटिमीटर. जमिनीवर पोचेस्तोवर तो इतका क्षीण होतो की साधा पत्रासुद्धा त्याला अडवतो. लाकूड, फायबर, साधी काच यांतून मात्र तो येतो. माझं पहिल्या रविवारी इथेच चुकलं. लपवायची म्हणून डॅशबोर्डच्या पत्र्याखाली बांधली: तीन उपग्रह, तेही येऊन-जाऊन. मग छताच्या रेक्झिनमागे सरकवली. वर पत्रा आहे हे माहीत असूनही करून बघितलं. दोन.

सिग्नल तुटक असला की वेळ का लागतो तेही सांगतो. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर 30 सेकंदांनी पुन्हा पाठवतो. ती सलग मिळाली तर अर्ध्या मिनिटात ठिकाण लागतं. मधेच एक तुकडा गळाला की पुढच्या फेरीची वाट. पत्र्याखाली मी पंधरा मिनिटं बसलो होतो, ती याच वाट बघण्यात गेली.

दुसऱ्या रविवारी डबी काचेच्या कोपऱ्यात ठेवली आणि लगेच अकरा उपग्रह. पण तिथे ती दिसते, आणि वैशाख-ज्येष्ठात आमच्याकडे काचेमागचा पत्रा हात लावू देत नाही. अशा डब्या बहुतेक 85 अंशांपर्यंत टिकतात म्हणे कागदावर. मला ती परीक्षा रोज घ्यायची नाही.

मग नजर गेली देव्हाऱ्यावर. डॅशबोर्डच्या मधोमध सागाचा छोटा देव्हारा, त्यात सप्तशृंगीचा फोटो. खालची फळी लाकडाची, आत दोन बोटं पोकळी. डबी तिथे तंतोतंत बसली. फोटोच्या पाठीला पत्रा असल्यामुळे सुरुवातीला सिग्नलचे आकडे घसरले. फोटो जरा मागे घेतला तर उपग्रह दाखवणाऱ्या ॲपमध्ये बहुतेक उपग्रहांच्या सिग्नलची ताकद 36-38 दिसायला लागली. पस्तिशीच्या वर असलं की काम चांगलं चालतं, पंचविशीच्या खाली भरवसा नाही. मी खूश होतो. आप्पा आले, वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "देवना खाले वायर नको टाकू, भाऊ." त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी डबी काढली, फोटो होता तिथे ठेवला, हळद-कुंकू सांडलं होतं ते पुसून घेतलं.

त्याच दिवशी दुसरी भानगड सापडली. गाडीची वीज 24 व्होल्टची, स्टिरिओ 12 चा, म्हणून मधे कन्व्हर्टर आहे. स्वस्तातला. वायरीचा उरलेला वेटोळा त्याच्या अंगाला टेकला होता आणि स्टिरिओ लावला की आकडे सात-आठने घसरत होते. कन्व्हर्टर सीटखाली बॅटरीकडच्या बाजूला नेला, प्लस-मायनसच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन बांधल्या. घसरण थांबली. तुमच्याकडे उपग्रह कमी दिसत असतील तर अँटेना बदलण्याआधी हे बघा.

जागा शेवटी डोक्यावरच निघाली. काचेच्या वर पुढे आलेली नावाची पाटी, जिच्यावर 'माय सप्तशृंगी' रंगवलंय, ती आमच्या गाडीत नुसती फळी नाही. समोर फळी, वर फळी, मागे केबिनचा पत्रा असा लांबट खोका आहे, दोन्ही टोकांना दिवे. वर फक्त लाकूड आणि ऑइलपेंट. चंदेरी रंग असता तर मी तेवढा भाग खरवडला असता, कारण त्यात ॲल्युमिनियमची पूड असते.

तेलाच्या रिकाम्या डब्याचा दहा सेंटिमीटरचा चौकोन कापला, कडा घासून घेतल्या, खोक्यात सपाट स्क्रू केला आणि डबी त्यावर चुंबकाने बसवली. खाली पत्रा हवाच. या चकतीला पाठीशी धातू मिळाला तर ती वरचं नीट ऐकते. वरच्या फळीचे सांधे सिलिकॉनने बंद केले, आतून प्रायमर मारला. ओलं लाकूड सिग्नल खातं.

वायर आत आणायला दिव्यांच्या वायरीचं जुनं भोक होतं, रबरी बुशासकट. बुश काढल्यावर अँटेनाचं टोक कसंबसं निघालं. पुढे डाव्या खांबावरून खाली. तिथल्या रेक्झिनच्या चौदा चुका मी सांडशीने एकेक उपसल्या, खाली कापडाची घडी धरून, म्हणजे डोक्यावर ओरखडा येऊ नये. चौदाही वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या, वरची वर, खालची खाली. रेक्झिनमागे सागवानावर सुताराच्या जाड पेन्सिलीने '5 फूट 2' आणि एक बाण, अठ्ठावीस वर्षांनीही स्वच्छ. वायर त्या आकड्याच्या बाजूने नेली. आणि चुका त्यांच्या त्यांच्या भोकात परत ठोकल्या. सैल झालेल्या तिघींच्या भोकात काडीचा तुकडा घातला.

उघड्यावर आता सोळा-सतरा उपग्रह, ताकद 40 च्या पुढे. तिसऱ्या रविवारी पारोळा, भडगाव करत चाळीसगावला गेलो आणि तिथून डोंगराच्या पायथ्याला पाटणला. सपाटीवर सगळंच चालतं, म्हणून डोंगर अंगावर येतो ती जागा मुद्दाम निवडली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, इथेच मठ काढला होता, शिलालेख आहे. गाडी कडेला लावून मी उपग्रह मोजले. कड्याच्या बाजूचे गेले, तरी बारा राहिले. ठिकाण हललं नाही.

परत येताना आप्पा चालवत होते. स्पीडोमीटरचा काटा पन्नासवर, स्क्रीनवर 44. त्यांनी दोनदा झाकण उघडून पाहिलं आणि मग गाडी त्या आकड्यावर चालवत राहिले. काट्याची केबल आणि गिअर पुढच्या खेपेला उघडतो. पहिल्या पावसानंतर पाटीचा खोका आतून कोरडा आहे का तेही बघायचंय.