टुरिस्टांच्या याद्या सोडल्या आणि जागा सापडायला लागल्या

कुठल्याही शहराचं नाव टाकून पुढे 'हिडन जेम्स' असं सर्च केलं की जे लेख येतात ना, त्यात फिरून फिरून त्याच जागा असतात, आणि तिथे पोचलं की तेच लेख वाचून आलेले आपल्यासारखेच लोक मोबाईल उंच धरून उभे. मला याचा इतका कंटाळा आला की शेवटी ठरवलं, टुरिस्टसाठी बनवलेली यादी बघायचीच नाही. याद्या काय कमी आहेत का जगात! रेल्वेवेड्यांच्या आहेत, पक्षी बघणाऱ्यांच्या आहेत, जुन्या इमारतींचे फोटो काढत फिरणाऱ्यांच्या आहेत, गुहांमध्ये शिरणाऱ्यांच्याही आहेत. या लोकांना आपल्याला काही विकायचं नसतं, ते आपापल्या नादात नोंदी करत असतात, म्हणून मला त्यांच्यावर जास्त भरवसा वाटतो.

हे डोक्यात आलं ते इस्तंबूलच्या तयारीत. तिथलं बॅसिलिका सिस्टर्न म्हणजे जमिनीखालचं पाण्याचं अवाढव्य टाकं, सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळातलं, आत 336 खांब. भारी आहे यात वादच नाही, पण रांगही तशीच भारी. मी त्याच्याबद्दल वाचत बसले होते तर त्यात एक किस्सा सापडला. सोळाव्या शतकात पेत्रुस गिलियस नावाचा फ्रेंच अभ्यासक जुन्या अवशेषांच्या मागावर तिथे फिरत होता, त्याला कळलं की त्या भागातले लोक घराच्या तळघरातल्या भोकातून बादली सोडून पाणी काढतात, आणि कधीकधी चक्क मासेही धरतात. म्हणजे खाली काहीतरी आहे हे त्या घरांमधल्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

मग म्हटलं एवढ्या जुन्या शहरात टाकं एकच कसं असेल? मॅपवर इंग्लिशमध्ये शोधलं तर पुन्हा तेच मोठं टाकं वर येत होतं, म्हणून ट्रान्सलेटमधून टर्किश शब्द घेतला, 'सार्निच', तो टाकला आणि पटापट पिना पडल्या. त्यातलं एक थियोडोसियसचं टाकं, साधारण 1600 वर्षांपूर्वीचं, 32 खांबांचं, 2018 मध्ये लोकांसाठी उघडलेलं आणि मोठ्या टाक्यापासून चालत जाता येईल इतकं जवळ. तिथे तिकीट आहे, लाइट शोसुद्धा आहे, म्हणजे गुप्त वगैरे काही नाही, पण मी गेले तेव्हा रांग नव्हती आणि खांबाला टेकून निवांत बसता आलं. काही टाकी तर दुकानांच्या आणि हॉटेलांच्या तळघरात आहेत, नीट विचारलं तर खाली जाऊन बघू देतात, नाही म्हणाले तर आपण थँक्यू म्हणून निघायचं.

तेव्हापासून मी कुठेही जायच्या आधी तिथल्या भाषेतले चारपाच शब्द कॉपी करून ठेवते: विहीर, खाण, दीपगृह, पडका किल्ला, जुनं स्टेशन. 'प्रेक्षणीय स्थळ' हा शब्द मुद्दाम टाकत नाही, तो टाकला की परत टुरिस्टांच्या यादीत पडलोच. रिव्ह्यू बघताना पण लेटेस्ट आधी लावते आणि तिथल्या भाषेतलेच वाचते, कारण बाहेरून आलेला माणूस 'खूप सुंदर' लिहून मोकळा होतो आणि तिथला माणूस लिहितो की मागचं गेट बंद असतं, डावीकडून या. विकिपीडियाचंही तेच, एखाद्या छोट्या जागेचं इंग्लिश पान दोन ओळींचं असतं आणि तिथल्या भाषेतलं पान लांबलचक, सरळ ट्रान्सलेट करून वाचायचं.

आता माझं सगळ्यात आवडतं हत्यार. ओपनस्ट्रीटमॅप ऐकलं असेल तुम्ही, 2004 मध्ये स्टीव्ह कोस्टने इंग्लंडमध्ये सुरू केलेला नकाशा, विकिपीडियासारखा कुणीही त्यात भर घालू शकतं. त्यातल्या प्रत्येक गोष्टीला टॅग असतो, म्हणजे ती गोष्ट काय आहे हे सांगणारं लेबल, आणि ओव्हरपास टर्बो नावाची साइट आहे तिथे जाऊन तुम्ही म्हणू शकता की समोर दिसतोय तेवढ्या भागातले सगळे 'हिस्टॉरिक=रुइन्स' दाखव, किंवा 'नॅचरल=केव्ह_एंट्रन्स', किंवा 'रेल्वे=अबँडन्ड'. टॅग इंग्लिशमध्ये, स्मॉल लेटर्समध्ये टाकायचे, विझार्डचं बटण आहे ते बाकीचा कोड स्वतःच लिहितं, प्रोग्रामिंग वगैरे काही यावं लागत नाही. फक्त नकाशा शहराएवढा झूम करून मग रन करा, आख्खा देश समोर ठेवून रन केलं की ब्राउझर गारठतो. जे येतं त्यातलं बरंचसं टाकाऊ असतं हे आधीच सांगते, कुणाच्या तरी शेतातली पडकी भिंतसुद्धा रुइन्सच, त्यामुळे मग सॅटेलाइट व्ह्यू उघडून एकेक ठिपका बघत बसायचं. कंटाळवाणं काम आहे असं लोक म्हणतात, मला तर फिरण्याइतकंच हे आवडतं, रात्री दोन कधी वाजतात कळत नाही.

पॅरिसमध्ये याचाच फायदा झाला. बंद पडलेल्या रेल्वेचा टॅग टाकला तर शहराभोवती एक रेघ उमटली, ती म्हणजे पेतित सँत्यूर, 32 किलोमीटरची जुनी रिंग रेल्वे, प्रवासी गाड्या 1934 मध्येच बंद झाल्या. सॅटेलाइटमध्ये ती मधेमधे हिरव्या पट्ट्यासारखी दिसते कारण रुळांवर झाडं माजलीत. तिचे काही तुकडे चालायला अधिकृतपणे उघडलेत, 15व्या विभागातला 2013 मध्ये उघडला, दोन्ही बाजूंना लोकांच्या बाल्कन्या आणि मधून आपण रुळांच्या कडेने चालतोय. बाकीच्या भागात जायला बंदी आहे. कुंपण चढून बोगद्यात जाणारे लोक आहेत, त्यांचे व्हिडिओ पण आहेत, मी त्यातली नाही आणि व्हावंसंही वाटत नाही.

तिथेच विकिपीडियाच्या ॲपमधलं 'प्लेसेस' वापरून बघितलं. आपण उभे आहोत त्याच्या आसपासच्या ज्या जागांवर लेख आहेत ते नकाशावर दिसतात. एका अगदी साध्या रस्त्यावर उभी होते आणि ॲप म्हणतंय बाजूला रोमन अँफिथिएटर आहे. समोर तर नुसत्या बिल्डिंगा! मग एका बिल्डिंगमधून आत जाणारा बोळ दिसला, त्यातून गेले तर खरंच, आरेन द लुतेस, पहिल्या शतकातलं, मधल्या मैदानात पोरं फुटबॉल खेळतायत. 1860च्या दशकात रस्त्याच्या कामात ते सापडलं, पुढे ते टिकेल की नाही अशी वेळ आली तेव्हा 1883 मध्ये व्हिक्टर ह्यूगोने ते वाचवा म्हणून पत्र लिहिलं होतं. तिकीट नाही, काही नाही.

बाकीच्या याद्या पटकन सांगते. ईबर्ड, म्हणजे पक्षी बघणाऱ्यांची नोंदवही, 2002 पासून चालू आहे, त्यातले हॉटस्पॉट बघितले की शहराच्या कडेची तळी, खाड्या, दलदली सापडतात जिथे टुरिस्ट बस कधीच जाणार नाही. विकी लव्हज मॉन्युमेंट्स ही फोटो स्पर्धा 2010 मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली, आता किती तरी देशांत होते, तिच्यासाठी लोकांनी जुन्या वास्तूंच्या देशवार याद्या करून ठेवल्यात. युनेस्कोची टेंटेटिव्ह लिस्ट पण बघा, जागतिक वारशासाठी जागा सुचवायच्या आधी देशांना ती आधी तिथे टाकावी लागते, त्यामुळे तिथे बऱ्याच अशा जागा असतात ज्या अजून गाजलेल्या नाहीत. आणि जिओकॅशिंग, म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायचा खेळ. मे 2000 मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये सामान्य लोकांसाठी मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये एकाने बादली लपवून तिच्या जागेचे आकडे नेटवर टाकले, तिथून हा खेळ सुरू झाला. मला डबा सापडला काय नि नाही काय, पण डबा लपवणारा माणूस बहुतेक वेळा आपल्या गावातली विचित्र जागा दाखवायलाच तो तिथे ठेवतो आणि तिची गोष्ट पण लिहितो.

जागा ठरली की जायच्या आधी मी दोन गोष्टी बघतेच. लेटेस्ट फोटो कधीचा आहे, आणि परत यायची शेवटची गाडी किती वाजता आहे. समुद्राकाठची गुहा वगैरे असेल तर भरती-ओहोटीचं टाइमटेबल पण. ऑफलाइन मॅप घरीच डाउनलोड करून ठेवते आणि कुणाला तरी लोकेशन कळवून जाते, कारण जिथे माणसं नाहीत तिथे नेटवर्कही नसण्याचीच शक्यता जास्त.

परत आल्यावर जागेचं लोकेशन नेटवर टाकायचं का, यावर मैत्रिणींशी माझी नेहमी भांडणं होतात. मी काही जागांचं टाकत नाही, तर त्या म्हणतात तू स्वार्थी आहेस. मी त्यांना आइसलँडमधल्या फ्यादरारग्ल्युफुर दरीचं उदाहरण देते, गायक जस्टिन बीबरच्या व्हिडिओत दिसल्यावर तिथे इतकी गर्दी झाली की झाडोरा तुडवला गेला आणि 2019 मध्ये ती बंद ठेवावी लागली. थायलंडची माया बे तर 2018 ते 2022 बंद होती, प्रवाळ सावरायला. म्हणून जिथे पायवाट, कचरापेटी, राखण करणारं कुणी असं काहीच नाही, त्या जागेचा फोटो टाकला तरी पिन टाकत नाही, शोधायचं कसं ते मात्र कुणी विचारलं तर बसून शिकवते. म्युझियम, बाग, टाकं अशी सांभाळणारं कुणी असलेली जागा असेल तर उलट ओपनस्ट्रीटमॅपवर वेळा, दार कुठल्या बाजूला आहे, पायऱ्या आहेत का, हे भरून टाकते. फोनवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे, ते आपण उभे आहोत तिथलेच छोटे छोटे प्रश्न विचारतं, बसची वाट बघताना तेवढाच टाइमपास.