राघूला वरून हात लावायचा नाही

१४ जून २०२५, डिचोली

उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत दोन वळ उठलेत. सकाळी लाल होते, आता जांभळे पडलेत. शेपटी कधी फिरली ते दिसलंच नाही. ओल्या दोरीचा फटका बसावा तसा आवाज आला आणि ताटलीतला पाला पडवीभर सांडला.

राघू येऊन आज नववा दिवस. ह्यांच्या मुंबईच्या नातेवाइकांना परदेशी जायचं होतं, त्यांचा इग्वाना, म्हणजे सरड्यासारखा पण मोठा प्राणी, कुणी घ्यायला तयार नव्हतं, आणि आमच्या मुलाने हट्ट धरला. खरं सांगायचं तर फोटो पाहून मीही विरघळले. पोपटी अंग, पाठीवर कंगव्याच्या दातांसारखे काटे, गळ्याखाली कातडीची झालर. रंगावरून नाव सासूबाईंनी ठेवलं. ३ वर्षांचा नर, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ ४ फूट, त्यातली निम्म्याहून जास्त शेपटीच. पूर्ण वाढला की ५ फुटांच्या वर जाईल. नीट सांभाळला तर १५ वर्षं सहज जगेल, म्हणजे पोरगा नोकरीला लागेल तेव्हाही हा घरात असणार.

कागदपत्रं मात्र आधी पाहून घेतली. इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. २०२२ च्या दुरुस्तीने अशा विदेशी प्रजाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत आल्या आणि २०२४ च्या नियमांनंतर त्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करणं भाग झालं. आधीच्या घरी नोंद झाली होती, आता ती आमच्या नावावर करून घ्यायची आहे.

बाबा, माझे सासरे, चवथीला म्हणजे गणेश चतुर्थीला घुमट वाजवतात, मातीच्या मडक्याला कातडं मढवलेलं वाद्य. राघूला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आमच्या वेळी घुमटाला घोरपडीचं कातडं लावायचे. ह्या हातांनी मढवलंय मी." आता घोरपड मारणं गुन्हा आहे, घुमटाला बकरीचं कातडं लागतं, आणि २०१९ मध्ये तर घुमटाला गोव्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. घोरपड आणि इग्वाना एका कुळातले नाहीत, ती मांस खाते, हा निव्वळ पालेखाऊ, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण संध्याकाळी पिंजऱ्यासमोर खुर्ची घेऊन ते एकटेच बसले होते. काय आठवत होतं ते मी विचारलं नाही.

१९ जून

आजही तेच. मी दार उघडलं की तो अंग दोन्ही बाजूंनी चपटं करतो, चारी पायांवर उंच होतो, गळ्याची झालर ताणतो आणि तोंड उघडून फिस्स करतो. आतले दात बारीक, करवतीसारखे. पानं कापायचे दात, पण बोट सापडलं तर खोल जखम होईल. मी जाड हातमोजे घालते, वरून झटकन धरते आणि कोमट पाण्याच्या टबात सोडते. धरते तेव्हा त्याचं काळीज हातमोज्यातूनही धडधडताना कळतं. त्या धडधडीमुळे मला रात्री झोप लागली नाही.

२९ जून

पणजीला पशुवैद्यांकडे जाऊन आलो. जनावर एवढं भडकलंय तेव्हा कुठे दुखत तर नाही ना, हे आधी पाहायला हवं होतं. हाडं ठीक आहेत, जबडा मऊ पडलेला नाही. जंतांची तपासणी सांगितली आहे. खाण्याचं ऐकून मात्र डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आधीच्या घरी तो रोज पालक आणि मधूनमधून उकडलेलं अंडं खायचा. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं, ते अंगी लागत नाही, आणि अंडं-मांस वर्षानुवर्षं दिलं तर मूत्रपिंडं खराब होतात. आता मशिंगाचा म्हणजे शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, किसलेला भोपळा, कधीतरी पपईची फोड. सगळं परसातलं.

दुसरं म्हणजे ऊन. यंदा पाऊस मे संपायच्या आधीच आला, तेव्हापासून ऊन असं पडलंच नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उजेडाचा उपयोग नाही, काच नेमके हवे तेच किरण अडवते. त्या किरणांशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि हाडं ठिसूळ होतात. म्हणून तेच किरण देणारी यूव्हीबी ट्यूब रोज १२ तास, आणि एका फांदीवर ३५ अंशांपर्यंत ऊब देणारा दिवा. अंग तापल्याशिवाय त्याला खाल्लेलं पचत नाही. लाईट गेली की माझा जीव वर-खाली होतो.

जाळीवर पांढरी भुकटी दिसते ती मला बुरशी वाटत होती. ते मीठ आहे. रक्तातलं जास्तीचं मीठ तो शिंकून नाकावाटे बाहेर टाकतो.

आणि निघताना डॉक्टरांनी राघूच्या डोक्यावर बोट दाखवलं. दोन डोळ्यांच्या मागे, मधोमध, मोहरीपेक्षा थोडा मोठा, फिकट, वाटोळा खवला. तो तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, फक्त उजेड आणि सावली कळते. झाडाच्या शेंड्यावर पहुडलेल्या इग्वानावर शिकारी पक्षी वरून येतो, आणि त्याची सावली आधी ह्या डोळ्याला लागते.

घरी येईपर्यंत गाडीत मी गप्प होते. पिंजरा जमिनीवर, त्याचं दार वरच्या बाजूला. तीन आठवडे रोज मी त्याच्यावर घार होऊन उतरत होते.

६ जुलै

आज आषाढी. पिंजरा मागच्या रविवारीच पडवीतल्या उंच कट्ट्यावर ठेवला, आता दार समोरून उघडतं. तीन बाजूंना जुनी चादर बांधली, त्याला दडायला जागा झाली. हातमोजे काढून टाकले. आठवडाभर त्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं होतं, ते पोरानेही पाळलं.

सकाळी सासूबाई कट्ट्याखाली पाट घेऊन उपासाची रताळी सोलत बसल्या होत्या. पिंजऱ्याकडे पाठ, तोंडात हळू आवाजात अभंग. मी दारात होते. राघू वरच्या फांदीवरून खाली सरकला, मान तिरकी करून त्यांच्या अंबाड्याकडे बघत राहिला, आणि मग ताटलीतलं जास्वंदीचं फूल त्याने ओढलं. माणूस जवळ असताना त्याने खाल्ल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. लाल पाकळीचा तुकडा ओठाला चिकटून राहिला होता.

मी सासूबाईंना विचारलं, तुमच्यावर हा फिस्स करत नाही? त्या रताळं सोलता सोलताच म्हणाल्या, "अगो, ताका भंय दिसता." त्याला भीती वाटते गं. एवढंच. डॉक्टरांनी तिसऱ्या डोळ्याचं समजावून सांगितलं तेव्हा मला कळलं, त्यांना ते न सांगताच कळलं होतं.

उद्यापासून मीही पाटावर.

२० जुलै

रोज संध्याकाळी शाळेतून आले की अर्धा तास. वह्या तपासते, कधी मोठ्याने वाचते. माझी रोजच्या वापरातली ओढणी पिंजऱ्यात एका कोपऱ्यात ठेवली आहे, वासाची सवय व्हावी म्हणून. पहिले चार दिवस तिच्यापासून लांब. काल रात्री तिच्यावरच झोपला.

एक गोष्ट मात्र मला फार लागली. शेपटी फटकारली की मी हात मागे घ्यायचे. कुणीही घेईल. पण त्यातून तो काय शिकला? शेपटी मारली की हात जातो. हे मीच त्याला महिनाभर रोज शिकवलं. आता हात फळीवर, त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या खाली ठेवते आणि हलत नाही. शेपटी ताणतो, फिस्स करतो. मी थांबते. अंग सैल पडलं, झालर खाली आली, की मग सावकाश हात काढून घेते. पूर्ण बाहीचा जाड स्वेटर घालते, जुलैच्या दमट हवेत घामाने निथळते, पण हात मागे घेत नाही. आज हात जाण्यासाठी त्याला शेपटी मारावी लागली नाही.

१० ऑगस्ट

आज बाजूने, खांद्यावरून, दोन बोटांनी त्याला हात लावला. कातडी थंड असेल असं वाटलं होतं. दिव्याखाली बसलेला, चांगला उबदार होता. खवले बारीक मण्यांसारखे, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवले तर खरखरीत. माझ्या बाजूचा डोळा त्याने मिटला. पोरगा ओरडला, "आई, बघ, त्याला आवडतंय!"

मलाही तसंच वाटलं असतं. पण मी दुसऱ्या बाजूने वाकून पाहिलं, तिकडचा डोळा टक्क उघडा होता. हात जिकडे आहे तिकडचाच डोळा तो मिटतो, समोरचं नको असलेलं दिसू नये म्हणून. तो हात सहन करत होता. मी बोटं काढून घेतली. पोराला हे समजावताना माझा गळा दाटून आला, कारण आपण जवळ घेतलेल्या किती जणांचा दुसरा डोळा आपण कधी पाहतच नाही.

(साबणाने हात धुणं हा आमच्या घरात आता नियम आहे. त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. त्याची ताटली आणि टब स्वयंपाकघरात येत नाहीत.)

२९ ऑगस्ट

चवथ. घर भरलेलं, गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या फळांचा आणि रानपाल्याचा वास सगळीकडे. राघूचा पिंजरा आम्ही आधीच माडीवरच्या खोलीत नेला होता आणि कडी लावली होती. तरी परवा आरतीच्या वेळी पाहुण्यांतला एक मुलगा वर गेला, दार उघडलं आणि वरून मान धरायला गेला. फटका त्या मुलाच्या गालावर बसला. डोळा वाचला, ही गणपतीची कृपा. चूक त्या लेकराची नाही. कुलूप मी लावायला हवं होतं, आता लावलंय.

वर गेले तेव्हा राघू पिंजऱ्याच्या कोपऱ्यात चपटा होऊन काळपट पडला होता. हिरवा रंग कुठे गेला कळेना. खालून घुमट, शामेळ, झांजा, आणि त्या प्रत्येक ठोक्याला फळी थरथरत होती. मी दिवा सोडून बाकी सगळे उजेड बंद केले आणि खाली जमिनीवर बसले.

थोड्या वेळाने घुमट थांबलं. बाबा जिना चढून आले, धापा टाकत. दारातच उभे राहिले. म्हणाले, "आज दार बंद करून वाजवतो. त्याला त्रास नको." आणि वर न बघता खाली गेले. पन्नास वर्षांत बाबांनी आरतीचं दार कधी बंद केलं नसेल.

१४ सप्टेंबर

परत पहिल्यापासून. पाट, वह्या, फळीवर हात. पण ह्या वेळी महिना नाही लागला. वयात आलेला नर विणीच्या काळात पुन्हा भडकतो, अंगावर केशरी छटा येते, तेव्हा हे सगळं परत होईल, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. होऊ दे. तेव्हा मी अंतर ठेवीन.

माणसाळणं हा शब्द मी हल्ली वापरत नाही. कुत्रा हजारो वर्षं माणसाजवळ राहिला, राघूची जात मुळात जंगलातलीच. तो माझा होईल अशी अपेक्षा मी सोडली, तेव्हापासून त्याच्याजवळ बसणं मला फार आवडायला लागलंय.

आज पाऊस उघडला होता. पडवीत सकाळचं तिरकं ऊन आलं, पिंजरा उघडा ठेवला, बाकीची दारं बंद. मी पाटावर, तळहातावर जास्वंदीचं फूल. राघू कट्ट्यावरून उतरला, थांबला, जीभ लावून फरशी चाखली, पुन्हा थांबला. मग त्याने एक पुढचा पाय माझ्या तळहातावर ठेवला. नखं टोचली. फूल खाऊन झालं तरी पाय तिथेच होता, शेपटी फरशीवर सैल पडलेली, आणि माझ्या बाजूचा डोळा उघडा.